दोरी न लावता गडहिंग्लज

आमच्या घरात दोन गाड्या आहेत. एक नवऱ्याची. ती बटणावर सुरू होते, मागं घेताना मागचं सगळं दाखवते आणि पट्टा लावला नाही तर बायकोसारखी कटकट करते. ही उपमा नवऱ्याची आहे. मी ती फक्त लक्षात ठेवली आहे. दुसरी गाडी सासऱ्यांची. पांढरी, चौकोनी, नवरा दहावीला होता तेव्हा घेतलेली, कार्ब्युरेटरवाली. तिला सकाळी चोक ओढावा लागतो, पाय दोनदा दाबावा लागतो आणि मग "चल बाई" म्हणावं लागतं. पहिली दोन कामं कुणीही करू शकतं. तिसरं आपल्याच तोंडून चालतं अशी सासऱ्यांची समजूत आहे.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर ऊस केला, आता शेत वाट्यानं दिलंय आणि स्वतः कोल्हापुरात आमच्याजवळ राहतात. त्यांची थोरली बहीण गडहिंग्लजला. तिला सगळं घर आक्का म्हणतं, म्हणून मीही आक्काच म्हणते. आक्का चौऱ्याऐंशीची. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचा नवरा गेला. मूलबाळ नाही. तेव्हापासून दिराच्या घरात राहून शेत, म्हशी आणि भावकी अशा तिघांनाही तिनं धाकात ठेवलंय. गाडी घेतल्यापासून मामांनी एकही भाऊबीज चुकवली नव्हती. सकाळी लवकर निघायचं, दुपारी आक्काच्या हातचं जेवायचं, मग आक्काला पुढच्या सीटवर बसवून गावातून एक फेरी मारायची. काच खाली करून आक्का ओळखीच्या प्रत्येकाला हाक मारणार, आणि ओळखीचं नाही असं गडहिंग्लजमध्ये कुणी नाहीच.

मागच्या वर्षी ही भाऊबीज पहिल्यांदा चुकली. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. फोनवर त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा आक्कानं विचारलं, "डोळ्याचं झालंय की पायाचं?" आणि फोन ठेवला. मामांना ते फार लागलं. या वर्षी डॉक्टरांनी गाडी चालवायला होकार दिला, त्या दिवसापासून ते भाऊबीजेचे दिवस मोजत होते.

आणि नेमकं याच वर्षी दसऱ्याला गाडीनं दगा दिला. सोनं वाटायला म्हणून निघालो आणि रंकाळ्याच्या वळणावर ती झटके द्यायला लागली. एक झटका, मग दोन ठसके, मग बंद. चार जणांनी ढकलून कडेला घेतली. ढकलणाऱ्यांनी ढकलता ढकलताच चार वेगवेगळी निदानं सांगितली. नवरा सोन्याची पानं हातात धरून नुसता उभा होता. घरी आल्यावर तो म्हणाला, "बाबा, बास आता. हिला ठेवून तुमच्या जिवाला घोर आणि आमच्याही."

मामा म्हणाले, "माझा जीव माझ्याजवळ हाय. तू घोर करू नको."

अर्धा तास वाद झाला आणि शेवटी ठरलं ते असं. भाऊबीजेला गाडी स्वतःच्या बळावर गडहिंग्लजला पोचली, तर नवरा पुन्हा कधी विकायचं नाव काढणार नाही. वाटेत दोरी लावून ओढायची वेळ आली, तर दिवाळीनंतर गाडी विकायची. मामांनी लगेच होकार दिला. मग रात्री जेवताना भात चिवडत बसले, तेव्हा मला कळलं की होकार देऊन ते घाबरलेत. मी म्हटलं, "मामा, मी बघते गाडीकडं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीला वीज, दहावीला चुंबकत्व. त्यामुळं यंत्रात बिघाड झाला म्हणजे एक एक शक्यता खोडत जायचं, हे मला शिकवायची गरज नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

या गाडीशी माझं नातं तसं जवळचं. सासूबाई गेल्यापासून खंडेनवमीला तिची पूजा मी करते. त्या बॉनेटवर हळदीकुंकू वाहायच्या, झेंडूचा हार घालायच्या, चाकाखाली लिंबं ठेवायच्या. मला ते अपुरं वाटायचं. पूजा करायची तर जिथून गाडी चालते तिथं करावी, पत्र्याची काय करायची? या वर्षी मी बॉनेट उघडलं. इंजिन ओल्या फडक्यानं पुसलं. चारही प्लगना वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर असतो, त्याच्यावर एक काळी टोपी असते. मधून एक जाड वायर आत येते आणि कडेनं चार वायरी बाहेर जातात. त्या टोपीवर मी दाटसर कालवलेल्या कुंकवानं छान स्वस्तिक काढलं. मधल्या वायरीपासून चार बाजूंना चार रेघा. मामा मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "तुझ्या सासूला हे सुचलं नसतं." मला फार भरून आलं.

दसऱ्यानंतर माझी तपासणी सुरू झाली. पहिला सल्ला आला समोरच्या घरातून. तिथं निवृत्त एसटी ड्रायव्हर राहतात. त्यांनी आवाज लांबूनच ऐकला आणि फाटकातूनच सांगितलं, "पेट्रोलचा दोष हाय. पेट्रोलात उसाची दारू मिसळत्यात आता. म्हातारी गाडी, तिला चढती."

मामांना राग आला. त्यांचा ऊस दर वर्षी कारखान्याला जातो. "आमच्या उसाला नाव ठेवायचं न्हाय," ते म्हणाले. दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. मी मात्र पंपावर जाऊन टाकी पूर्ण भरून आणली, जुनं पेट्रोल नव्यात मिसळलं तर काय होतं ते बघायला. काही झालं नाही. झटके तेवढेच. मी वहीत ऊस खोडला.

मग मिस्त्री. उद्यमनगरात आमच्या गाडीला हात लावणारा हा एकच उरलाय. बाकीचे मिस्त्री आधी गाडीला कॉम्प्युटर जोडायला भोक शोधतात, ते सापडलं नाही की आपल्यालाच रागावतात. हा कान लावून ऐकतो. पण इथं एक अडचण होती. गाडी सकाळी गारव्यात, धुक्यात भयंकर झटके द्यायची आणि चढाला तर जीवच काढायची. अकरा वाजता उन्हातून मिस्त्रीच्या दारात गेलं की एखाद्या शहाण्या पोरीसारखी गुणगुणत उभी. दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते, त्यातलाच प्रकार.

"वैनी, आवाज तर सरळ हाय की," मिस्त्री म्हणाला.

"सकाळी सातला या, मग ऐका."

"सातला माझं मीच उठत न्हाय."

तरी त्यानं कार्ब्युरेटर उघडला, पेट्रोल सोडणारा बारीक जेट फुंकला, तळाचा गाळ काढला. मी जवळ उभी राहून प्रत्येक स्क्रू किती फेरे फिरवला ते लिहून घेत होते. त्याला माझी वही आवडली नव्हती. प्लग बदलले. वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटची फट मोजली. मग इंजिन चालू ठेवून पक्कडीनं एकेका प्लगची वायर काढून बघितली. जो प्लग मेलेला असतो, त्याची वायर काढली तरी आवाजात फरक पडत नाही. चारही वेळा आवाज पडला. म्हणजे चारही प्लग जिवंत. मी वहीत चार बरोबरच्या खुणा केल्या.

डिस्ट्रिब्युटरही त्यानं उघडला. त्याचे दोन्ही चिमटे सोडले आणि माझी स्वस्तिकवाली टोपी अशी उचलली की देव्हाऱ्यातली मूर्तीच उचलतोय. कडेला धरून, बोटं वर न लावता. धुतलेल्या फडक्यावर ठेवली. आतली बाजू पुसली, पॉलिश पेपर मारला. बाहेरच्या बाजूला फुंकरसुद्धा मारली नाही. मला त्याचं कौतुक वाटलं. आपल्या माणसांना सगळं यंत्र दिसतं आणि त्यातला देवही दिसतो, असं काहीतरी मी मनात म्हटलं.

दिवाळी जवळ आली. मी कार्ब्युरेटर तीनदा उघडायला लावला होता. तिसऱ्यांदा मिस्त्रीनं माझ्याकडं न बघता मामांना विचारलं, "मालक, शाळेची सुट्टी कवा संपती?" कंडेन्सर नवा घातला. पेट्रोलची नळी बदलली. हवेचा फिल्टर झटकला, त्यातून झेंडूच्या तीन पाकळ्या निघाल्या. मी युरेका म्हणून ओरडायच्या बेतात होते, पण पाकळ्या काढूनही दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तशीच खोकली. वहीत आता खोडायला काही उरलं नव्हतं. मामा रोज सकाळी मला फक्त "काय म्हणती?" विचारायचे आणि मी "बघू" म्हणायचे. या दोन वाक्यांत आम्ही आठवडा काढला. मला रात्री झोप लागेना, कारण मामा माझ्यावर विश्वास ठेवून बसले होते आणि मी एवढं शिकूनही त्यांच्या काही उपयोगाची नव्हते.

भाऊबीजेला सकाळी सातला निघालो. मामा चालवायला, शेजारी मी, मांडीवर वही. मागं नवऱ्याची नवी गाडी, पंच म्हणून. तिच्या डिकीत त्यानं आदल्या दिवशी आणलेली कोरी नायलॉनची दोरी होती. मी ती बघितली होती आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं होतं.

धुकं दाट होतं. कागल जाईपर्यंत गाडीनं सहा वेळा झटके दिले, निपाणीपर्यंत मी मोजणं सोडलं. तवंदीचा घाट लागला तसा मामांनी दुसरा गियर टाकला. गाडी ठसकत, थुंकत, पादत चढली. शेवटचा शब्द मी माझ्या वर्गात वापरत नाही, पण दुसरा बरोबर बसत नाही. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. माथ्यावर पोचलो तेव्हा मामांचा सदरा पाठीला चिकटला होता. "चढली," ते म्हणाले, आणि संकेश्वरला वळेपर्यंत हसत होते.

गडहिंग्लज तीन-चार किलोमीटर राहिलं असेल. एक साधा चढ. त्याला चढ म्हणावं की नाही असा. तिथं गाडीनं मान टाकली. सुरू व्हायची, उभी असताना थरथरत चालायची, पण क्लच सोडला की बंद. तीनदा, चारदा, दहादा. मामांनी "चल बाई" म्हटलं, मग "चल की गं" म्हटलं, आणि मग नुसतेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

नवरा मागून आला. त्यानं काही टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो मऊ आवाजात म्हणाला, "बाबा, आक्काला फोन केलाय उशीर होईल म्हणून. दोरी लावूया का?"

"दहा मिन्टं थांब," मामा म्हणाले.

मी बॉनेट उघडलं आणि काहीतरी करायला पाहिजे म्हणून कार्ब्युरेटरकडं बघत राहिले. दहाची वीस मिनिटं झाली. नवऱ्यानं डिकीतून दोरी काढली. तेवढ्यात समोरून एक रिक्षा आली आणि तिच्यातून आक्का उतरली. पांढरं नेसू, हातात फडक्यानं झाकलेलं तबक.

"तू यीनास, म्हणून मीच आले," ती मामांना म्हणाली. "गाडी बंद पडलीया, का तू?"

मामा म्हणाले, "गाडी."

"मग ह्यो चेहरा कशाला पाडलायस?"

मी तिला पैज सांगितली. आक्कानं दोरीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. नवरा दोरी पाठीमागं लपवायला लागला, पण पंचवीस फूट दोरी पाठीमागं मावत नाही. आक्का मला म्हणाली, "आधी हिला कुंकू वाहा. मग भावाला ववाळते. चालू हाय न्हवं? चालू गाडीलाच वाहा. बंद पडलेल्याला काय वाहायचं."

मामांनी गाडी सुरू केली. ती थरथरत उभी राहिली. आक्कानं तबक पुढं केलं. निरांजनाशेजारी पाण्यात कालवलेलं कुंकू होतं. जिथं आधीचं कुंकू असतं तिथंच नवं लावायचं, ही आमची पद्धत. मी बोट बुडवलं आणि टोपीवरच्या स्वस्तिकाच्या मधोमध टेकवलं.

कोपरापर्यंत असा झटका बसला की मी आईचं नाव घेऊन मागं उडाले. इंजिन बंद पडलं.

दोन मिनिटं माझे दात वाजत होते. मग माझ्या डोक्यात नववीचा धडा उघडला. कोरडी टोपी विजेला अडवते. कुंकवात पाणी, हळद, चुना. धुक्यात ते ओलं होतं. मधल्या वायरीपासून चारही वायरींकडं चार रेघा मी स्वतःच्या हातानं काढून दिल्या होत्या. चढाला प्लगपर्यंत जायला विजेला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून ती माझ्या सोप्या रस्त्यानं पळत होती. मिस्त्रीच्या दारात ऊन असायचं, कुंकू वाळलेलं असायचं, गाडी शहाणी असायची. मी वाकून बघितलं. लाल रेघांच्या पोटात, वीज पळून पळून जळलेली, केसाएवढी काळी रेघ उमटली होती. तीन आठवडे मी सगळी गाडी खोडत आले होते आणि मला खोडायला विसरले होते.

"मामा, माझी चूक," मी म्हटलं. "माझं स्वस्तिक. हे पुसलं की गाडी चालेल."

मी फडकं घेतलं. आणि माझा हात थांबला. खरं सांगते, थांबला. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं. ते झिजून जाईल, वाळून गळेल, पण आपण फडकं फिरवायचं नाही. लहानपणापासून हे इतकं ऐकलंय की विज्ञान तिथपर्यंत पोचतच नाही. मी नवऱ्याकडं बघितलं. तो इंजिनिअर आहे. त्यानं दोन्ही हातांत दोरी आहे असं दाखवलं. मामा तर खाली उतरून म्हणाले, "पुसू नको, सूनबाई. दुसरं काहीतरी बघ. नसंल तर लावा दोरी."

आक्कानं तबक रिक्षाच्या सीटवर ठेवलं आणि पदर हातात घेतला.

"आक्का, पूजेचं हाय ते," मामा म्हणाले.

"माझं पुसलं तवा कुणी इचार केला न्हवता," आक्का म्हणाली. आवाज चढवला नाही. "चौघीजणी धरून बसल्या हुत्या. मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं, ऱ्हाऊ द्या म्हणून. हिला तर ते नकोच हाय. नको हाय तिचं पुसायला एवढा इचार?"

तिनं पदराचं टोक जिभेवर ओलं करायला उचललं. मी पटकन माझा कोरडा रुमाल दिला. नववीचा धडा. तिनं आधी कोरड्याच पदरानं, मग रुमालानं टोपी घासली, भांडं घासावं तशी, कानाकोपऱ्यातून.

मामांनी किल्ली फिरवली. "चल बाई" म्हणायचं विसरले. गाडी एका दमात सुरू झाली आणि चढावर अशी गेली की मामांना पुढं जाऊन ती आमच्यासाठी मागं आणावी लागली.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीनं नवी टोपी बसवली, तेव्हा मी त्याला विचारलं, तुम्हाला ते कुंकू दिसलं नव्हतं का? "दिसलं हुतं की वैनी. शंका बी आलती." मग सांगितलं का नाही? "तुमी बाई मानूस, तुमी वाहिल्यालं. मी कसं पुसू? आन तुमी तरी पुसलं असतं काय?"

पण ते नंतरचं. त्या दिवशी आक्का म्हणाली, घरी जाईपर्यंत कशाला थांबायचं, इथंच ओवाळते, ह्यो भाऊ परत आणि बंद पडायचा. ओवाळायला भावाखाली पाट पाहिजे. पाट नव्हता. तिनं नवऱ्याकडं हात केला. "ती दोरी हाय न्हवं? घाल हितं." नवऱ्यानं कोऱ्या दोरीचं वेटोळं रस्त्याकडेला घातलं आणि मामा त्यावर मांडी घालून बसले. जाणारे-येणारे वळून बघत होते. आक्कानं टिळा लावला, अक्षता लावल्या, ओवाळलं. मामांनी तबकात ओवाळणी घातली आणि तिच्या पाया पडले.

उठताना त्यांनी तबकातल्या कुंकवात बोट बुडवलं. आम्हाला वाटलं गाडीला लावतात. त्यांनी ते आक्काच्या कपाळावर टेकवलं. गडहिंग्लजच्या रस्त्यावर, भरदिवसा. साठ वर्षं तिथं काही लागलेलं नव्हतं.

"म्हाताऱ्या, याड लागलं काय तुला?" आक्का म्हणाली आणि तिचा हात पदराकडं गेला.

"आक्का, पूजेचं हाय," मामा म्हणाले. "पुसायचं नसतं."

तिचा हात पदराशी तसाच राहिला. मग ती गाडीकडं वळली, पुढच्या सीटवर बसली आणि काच खाली केली. मी वही घेऊन मागं बसले. गावात शिरल्यावर तिनं पहिल्या माणसाला हाक मारली, आणि मग दुसऱ्याला, आणि मग कुणालाच सोडलं नाही.